दिवा लागला म्हणजे ब्रेक लागला का? विमानाचा पार्किंग ब्रेक आणि वैमानिकाचं ‘जाणणं’

  

तत्त्वज्ञानाचा मास्तर विमानाच्या ब्रेकवर काय बोलणार, असं विषय वाचून दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं. प्रश्न रास्त आहे. आम्ही विमान चालवलेलं नाही आणि मोटारसुद्धा बेताचीच चालवतो. पण आपल्या काटेवाडीच्या डोक्यावरून दिवसभर ती छोटी विमानं घरघरत असतात. बारामतीला एमआयडीसीने बांधलेली धावपट्टी आहे, तिथे पोरं वैमानिक व्हायला शिकतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यातलाच एक आमच्या पुतण्याचा मुलगा. एका संध्याकाळी तो आमच्याकडे फणफणत आला, आणि हे व्याख्यान तिथून सुरू झालं.

घडलं होतं ते असं. त्याने विमान जागेवर आणून उभं केलं. शिक्षक खाली उतरले आणि त्यांनी विचारलं, “ब्रेक लावलास?” हा म्हणाला, “हो सर.” “कशावरून?” “हँडल ओढलंय.” शिक्षक काहीच बोलले नाहीत. पंखाला आधार देणारा जो तिरका दांडा असतो, त्याला खांदा लावून त्यांनी विमान रेटलं. विमान वीतभर सरकलं. त्या दिवशीचं पोराचं उड्डाण रद्द झालं आणि त्याला ब्रेकचं प्रकरण वाचायला बसवलं. “आजोबा,” तो आम्हाला म्हणाला, “मला विमान उडवायचंय, मिस्त्री व्हायचं नाही.”

आम्ही त्याला लगेच उत्तर दिलं नाही. कारण त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं आहे असं आम्हाला वाटलं नाही. आपण घड्याळ वापरतो, त्यातली चक्रं कुठे पाहतो? वैमानिकाने यंत्र किती जाणावं? आणि मुळात ‘जाणावं’ म्हणजे काय? इथे मात्र आमचा धंदा सुरू होतो.

आधी ब्रेक समजून घेऊ. मोटार उभी करताना आपण हँडब्रेक ओढतो आणि शहाणा माणूस गाडी गिअरमध्येही टाकून ठेवतो. म्हणजे इंजिनच चाकाला धरून बसतं. विमानात ही सोय नाही. विमानाच्या चाकांचा इंजिनाशी काही संबंधच नसतो. इंजिन हवेला मागे ढकलतं, विमान पुढे जातं, चाकं नुसती खाली फिरतात. जमिनीवरचं विमान, मंडळी, मोटारीपेक्षा आपल्या बैलगाडीच्या जास्त जवळचं आहे. ओढणारा वेगळा, चाक वेगळं. बैल सोडले की गाडी उतारावर कुणाच्या बापाची नाही! म्हणून चाकाखाली दगड. तसाच विमानाच्या चाकाला पुढून-मागून पाचरीसारखा ठोकळा लावतात. त्याला म्हणतात चॉक. आम्ही चाळीस वर्षं फळ्यावर वापरला तो चॉक वेगळा, हा वेगळा. (हशा)

हा चॉक ब्रेकच्या आधीपासूनचा आहे बरं का. आपल्याकडच्या जुन्या वैमानिकांच्या किती तरी पिढ्या ज्यावर शिकल्या त्या टायगर मॉथ विमानाला चाकाचा ब्रेकच नव्हता. मागे एक घसरता पाय असायचा, तो गवताच्या मैदानाला घासून विमान थांबायचं. इंजिन सुरू करताना विमान धरून ठेवायला चॉक आणि माणसं. ब्रेक नंतर आला, आणि ब्रेक आल्यावर हळूहळू असं वाटायला लागलं की चॉकचं काय काम?

आता आमच्या नातवाचं विमान. सेसना १७२ म्हणतात त्या जातीचं, रिकामं वजन साधारण पाऊण टन. पायाशी दोन पेडल असतात. पूर्ण पेडल पुढे ढकललं की शेपटीचं सुकाणू वळतं. त्याच पेडलचा वरचा भाग पावलाच्या पुढच्या भागाने दाबला की त्या बाजूच्या चाकाचा ब्रेक लागतो. डावं दाबलं डावा, उजवं दाबलं उजवा. दाबलं की एका छोट्या सिलिंडरमधलं तेल नळीतून चाकापाशी जातं आणि तिथल्या चकतीला पॅड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. मोटारसायकलच्या डिस्क ब्रेकसारखंच. तेल मात्र मोटारीच्या ब्रेकचं नव्हे. हे लाल रंगाचं खनिज तेल असतं. त्याच्यासाठी केलेल्या रबरी सीलना मोटारीचं ब्रेक ऑइल चालत नाही, ते सील खराब करतं.

आणि पार्किंग ब्रेक? इथे गंमत आहे. पार्किंग ब्रेक असा वेगळा ब्रेकच नाही. ब्रेक तोच, पॅड तेच, तेल तेच. हँडल फक्त कुलूप लावतं. पद्धत अशी की आधी पायाने दोन्ही पेडल घट्ट दाबायचे, मग हँडल ओढून पाव फेरा फिरवायचं. म्हणजे पायाने जो दाब दिला तो तिथेच अडकून राहतो. हँडल स्वतः काही दाबत नाही. तुम्ही पाय न दाबता हँडल ओढलं, तर तुम्ही रिकाम्या पेटीला कुलूप लावलं. आमच्या पठ्ठ्याने घाईत नेमकं हेच केलं होतं. पायाचा दाब अर्धवट, हँडल मात्र पूर्ण.

बरं, दाब नीट दिला तरी तो टिकतो का? तेल हे दाबून आकसत नाही, हीच त्याची खुबी आणि हाच त्याचा दोष. स्प्रिंग दाबली, तिचं टोक जरा सरकलं, तरी जोर शिल्लक राहतो. तेलाचं तसं नाही. नळीतून चार थेंब पाझरले की दाब धाडकन उतरतो. थंडीत तापमान उतरलं की तेल किंचित आकसतं, दाब कमी होतो. उन्हात तापलं की उलट. म्हणजे दुपारी लावलेला ब्रेक पहाटेही तोच असेल याची हमी नाही. त्यात विमानाला पंख आहेत हे आपण विसरतो. आपल्याकडे वैशाखात वळवाचं वादळ येतं, पत्रे उडतात, आणि हे यंत्र तर उडण्यासाठीच केलेलं! म्हणून छोटं विमान रात्री चॉक लावून, दोरांनी जमिनीला बांधून ठेवतात. ब्रेकवर सोडत नाहीत.

आता मोठ्या विमानाकडे जाऊ. बोइंग ७३७ घ्या, पुणे-दिल्ली करताना तुमच्यापैकी अनेक जण त्यात बसला असाल. तिथेही तत्त्व तेच: दोन्ही पेडल दाबा, मग लिव्हर ओढा. पेडल दाबलेल्या अवस्थेत अडकतात, तेल परत जाण्याची वाट एका झडपेने बंद होते आणि लिव्हरशेजारी लाल दिवा लागतो. दाब केवढा, तर दर चौरस इंचाला ३००० पौंड. मोटारीच्या टायरमध्ये तीस-पस्तीस असतो, यावरून अंदाज घ्या.

इंजिन चालू असताना हा दाब पंप देतात. इंजिन बंद झालं की? त्यासाठी एक साठवणीची टाकी असते, तिला अ‍ॅक्युम्युलेटर म्हणतात. ज्यांनी पितळी स्टोव्ह वापरलाय त्यांना हे एका वाक्यात कळेल. स्टोव्हला पंप मारून ठेवला की पुढे बराच वेळ रॉकेल आपोआप वर चढत राहतं, कारण वर कोंडलेली हवा त्याला ढकलत असते. इथे हवेच्या जागी नायट्रोजन, रॉकेलच्या जागी ब्रेकचं तेल. नायट्रोजन दाबला जातो आणि स्प्रिंगसारखा तेलाला रेटत राहतो. तेलाला जी स्प्रिंग नव्हती ती अशी बाहेरून दिली. नायट्रोजन आधीच सुमारे १००० पौंडांनी भरलेला असतो, आणि पूर्ण दाब भरल्यावर ब्रेक निदान आठ तास धरावा असा हिशोब असतो. एअरबस ३२० मध्ये हा हिशोब बारा तासांचा आहे. पण स्टोव्हचा वॉशर गेला की पंप किती टिकतो, हे आमच्या पिढीला कुणी सांगायला नको.

आता प्रश्न विचारतो. लिव्हरशेजारचा लाल दिवा लागला. तो दिवा काय सांगतो?

तुम्ही म्हणाल, ब्रेक लागला. नाही. तो दिवा सांगतो की लिव्हर ओढलेली आहे आणि झडप बंद आहे. चाकापाशी पॅडने चकती धरली आहे की नाही, हे त्या दिव्याला ठाऊकच नाही. टाकीतला दाब उतरलेला असला तरी दिवा लख्ख लाल. हे आम्ही पदरचं सांगत नाही. ७३७ च्या वैमानिकांच्या पुस्तिकेतच सूचना आहे की पार्किंग ब्रेक लावलाय म्हणून विमान हलणार नाही असं गृहीत धरू नका, टाकीतला दाब अपुरा असू शकतो. म्हणून वैमानिकाने दाबाचा वेगळा काटा पाहायचा असतो. एअरबस ३२० मध्ये एका डबीत तीन काटे असतात: एक टाकीचा, एक डाव्या ब्रेकचा, एक उजव्या.

इथे आम्हाला अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ आठवतो. न्यायशास्त्राचं पहिलं पुस्तक, सतराव्या शतकातलं, आम्ही वर्षानुवर्षं शिकवलेलं. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे विस्तव आहे. हे अनुमान बरोबर, कारण जिथे धूर तिथे विस्तव असतोच. या अतूट सोबतीला व्याप्ती म्हणतात. पण उलटं करून पाहा. विस्तव आहे, म्हणून धूर असणार? चूक. लोहाराच्या भट्टीतला लालबुंद लोखंडाचा गोळा डोळ्यांसमोर आणा. विस्तव आहे, धूर नाही. धूर कधी निघतो? जळण ओलं असेल तर. ही जी मधली, न सांगितलेली अट, तिला नैयायिक उपाधी म्हणतात. उपाधी लपलेली असली की अनुमान फसतं.

लाल दिवा आणि ब्रेक यांचं अगदी हेच आहे. दिवा आहे म्हणून ब्रेक धरलाय, या अनुमानात एक उपाधी लपलेली आहे: टाकीत दाब असेल तर. आमच्या नातवाच्या हँडलमागेही तीच लपली होती: पाय दाबला असेल तर. वैमानिकाचं तांत्रिक ज्ञान म्हणजे यंत्र खोलून जोडता येणं नव्हे. आपल्यासमोरची प्रत्येक खूण नेमकी कशाची खूण आहे आणि कशाची नाही, एवढं त्याला ठाऊक हवं. मिस्त्रीला झडप दुरुस्त करता यायला हवी. वैमानिकाला ती झडप दिव्याशी जोडलेली आहे, पॅडशी नाही, हे माहीत हवं. ज्ञान एकाच यंत्राचं, पण प्रश्न निराळे.

पाश्चात्त्य विचारात गिल्बर्ट राइल नावाच्या तत्त्वज्ञाने १९४९ च्या आपल्या ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या ग्रंथात माहिती असणं आणि करता येणं यांत भेद केला. सायकल चालवता येणं निराळं, सायकलचं शास्त्र सांगता येणं निराळं. आमच्या पोराचा सगळा भर या भेदावर होता, राइल न वाचता! आम्हाला मात्र वाटतं की हा भेद रोजच्या सरावात टिकतो, अडचणीच्या क्षणी टिकत नाही. सगळं सुरळीत असतं तेव्हा सवयीचा हात पुरतो. खूण आणि वस्तू यांची फारकत झाली की सवयीचा हात नेमका चुकीच्या जागी जातो.

याचं एक उदाहरण जगभर अभ्यासलं गेलं आहे. १५ नोव्हेंबर २००७, फ्रान्समधलं तुलूझ शहर, एअरबसचा कारखाना. एतिहाद कंपनीला द्यायचं नवं कोरं ए३४०-६०० विमान. जमिनीवर उभं करून इंजिनांची चाचणी चालली होती. आत नऊ माणसं. पार्किंग ब्रेक लावलेला, चाकांना चॉक मात्र नव्हते. चारही इंजिनं मोठ्या जोरावर चढवलेली. त्यांतलं एकेक इंजिन ५६ हजार पौंडांच्या आसपास जोर देऊ शकतं. ब्रेक चाकाला धरतो, पण त्याच्या धरण्याला मर्यादा असते, आणि ती इथे ओलांडली. विमान सरकायला लागलं. सरकल्यापासून समोरच्या भिंतीवर चढेपर्यंत तेरा सेकंद गेले. नवं विमान मोडून पडलं. माणसं जखमी झाली, जीव कुणाचा गेला नाही.

त्या तेरा सेकंदांत काय झालं पाहा. चाचणी घेणाऱ्या तंत्रज्ञाने पार्किंग ब्रेक सोडला आणि पायाने ब्रेक दाबले, पुढचं चाक वळवलं. त्याचं सगळं लक्ष ब्रेककडे लागलं. आणि विमान ढकलणारी इंजिनं? त्यांचा जोर कमी करणं वेळेवर सुचलंच नाही. फ्रेंच तपास अहवालाने हेच नोंदवलं. आम्ही त्या माणसाला हसत नाही. तेरा सेकंदांत आम्हाला तर आमचं नाव आठवलं नसतं. पण विचार करा: विमान उभं आहे ते ब्रेकमुळे, ही समजूत त्याच्या मनात किती पक्की असेल, की विमान हललं तेव्हा त्याला फक्त ब्रेक दिसला. विमान उभं राहतं ते ओढणं आणि धरणं यांच्या तोलामुळे. बैलगाडी पळाली तर आपण आधी बैलांचा कासरा ओढतो, चाकाला हात घालत नाही.

आतापर्यंत प्रत्यक्ष आणि अनुमान झालं. आता शब्द हे प्रमाण. पार्किंग ब्रेकच्या बाबतीत ते सर्वांत नाजूक आहे, कारण त्यात दुसऱ्याचा जीव असतो.

मोठं विमान स्वतःहून मागे जात नाही, ट्रॅक्टरसारखं एक वाहन त्याला मागे ढकलतं. खाली एक माणूस कानाला हेडफोन लावून वैमानिकाशी बोलत असतो. तो विचारतो, ब्रेक सोडला? वरून उत्तर येतं, सोडला. मग ढकलणं. ब्रेक न सोडताच ढकललं तर जोडदांड्यातली मुद्दाम कच्ची ठेवलेली पिन तुटते, विमान वाचतं. ढकलून झालं की खालचा सांगतो, पार्किंग ब्रेक लावा. वरून शब्द येतो, लावला. त्या एका शब्दावर खालची माणसं चाकांजवळ, इंजिनांच्या तोंडाजवळ जातात आणि दांडा सोडवतात. काही विमानांत पुढच्या चाकापाशी ब्रेक लागल्याचा दिवाही असतो, पण मुख्य भिस्त शब्दावर. शेवटी खालचा माणूस बाजूला, वैमानिकाला दिसेल असा उभा राहतो, सुकाणू मोकळं ठेवण्यासाठी लावलेली पिन लाल फितीसकट हातात धरून दाखवतो आणि अंगठा वर करतो. आपल्याकडे अंगठा दाखवणं म्हणजे भलतंच, तिथे त्याचा अर्थ सगळं ठीक. तो दिसल्यावरच ब्रेक सोडायचा.

१६ डिसेंबर २०१५ च्या रात्री मुंबई विमानतळावर हैदराबादला निघालेलं एअर इंडियाचं विमान असंच ढकलून झालं होतं. खालचा माणूस अजून बाजूला झालेला नव्हता. तो झाला आहे, अशी समजूत वर होती. विमान पुढे सरकलं आणि तो तंत्रज्ञ इंजिनात ओढला गेला. ब्रेक बिघडला नव्हता. यंत्रात काही खोट नव्हती. खूण दिसली असं वाटलं आणि त्या वाटण्यावर ब्रेक सुटला. कुणा घरचा कर्ता माणूस रात्रपाळीला गेला आणि परत आला नाही.

हे आम्ही नातवाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणजे ‘कशावरून’ हा प्रश्न सरांचा नव्हताच, तो खाली उभ्या असलेल्या माणसाचा होता.” आम्ही इतकी वर्षं शिकवलं, आम्हाला हे सुचलं नव्हतं.

वैमानिकांना आपल्याकडे हे कागदावर शिकवतातही. व्यावसायिक परवान्यासाठी डीजीसीएच्या परीक्षेत ‘टेक्निकल जनरल’ म्हणजे विमानशास्त्र सामान्यपणे, आणि ‘टेक्निकल स्पेसिफिक’ म्हणजे तुम्ही उडवता ते विशिष्ट विमान, असे वेगळे पेपर आहेत. पास व्हायला ७० टक्के लागतात. पोरं प्रश्नसंच पाठ करतात. आमची तक्रार पाठांतराबद्दल नाही, आम्ही स्वतः पाठांतरावर वाढलो. पण ‘अ‍ॅक्युम्युलेटरचा दाब किती’ याचं उत्तर पाठ असून, दिवा पाहून निर्धास्त होणारा माणूस असू शकतो. तिथे आकडा आहे, व्याप्ती नाही.

वेळ होत आला, दोन प्रश्न घेऊ.

(प्रश्न : आम्ही ऊस वाहतुकीला ट्रॅक्टर चालवतो. विमानतळ सपाट असतो, तिथे ठोकळा कशाला?)

चांगला प्रश्न. पूर्ण सपाट काही नसतं, पावसाचं पाणी वाहून जायला थोडा उतार ठेवावाच लागतो. आणि विमानाचं चाक फार सहज फिरतं. म्हणून चॉक पुढून आणि मागून, दोन्हीकडून. आणखी एक कारण आहे. उतरल्यावर मोठ्या विमानाचे ब्रेक भयंकर तापलेले असतात. एअरबस ३२० मध्ये ५०० अंशांच्या वर असतील तर अगदी गरज असल्याशिवाय पार्किंग ब्रेक लावू नका, असंच सांगितलेलं असतं, कारण तापलेली चकती आणि पॅड एकमेकांना चिकटून धरून ठेवले की ते नीट निवत नाहीत. मग विमान धरायचं कशाने? चॉकने. क्रम असा की चॉक लागल्याची खूण मिळाल्यावर ब्रेक सोडायचा, आणि निघताना ब्रेक लागल्याची खात्री झाल्यावर चॉक काढायचा. आता तुम्ही विचारलंच आहे म्हणून सांगतो. भवानीनगरच्या कारखान्याकडे जाताना ट्रॉली बंद पडली की तुम्ही चाकाखाली दगड लावता, ते योग्यच. पण निघताना तो रस्त्यावर तसाच ठेवून जाता, आणि रात्री मोटारसायकलवाला त्यावर आपटतो. विमानतळावर चॉक काढून जागेवर नेऊन ठेवणं हे कामातच धरलेलं असतं. (हशा)

(प्रश्न : नातवाचं पुढे काय झालं?)

उडतोय. दुसऱ्या आठवड्यात शिक्षकांनी परत विचारलं, ब्रेक लावलास? कशावरून? हा म्हणाला, पाय दाबले तेव्हा पेडल घट्ट लागले, मग हँडल ओढलं, आणि सर, चॉक लावल्याशिवाय मी कुणाला पंख्यापुढे जाऊ देत नाही. मग खाली उतरून त्याने स्वतःच विमानाला खांदा लावला. ते हललं नाही. ‘टेक्निकल जनरल’चा पेपर मात्र अजून द्यायचाय, त्यामुळे सध्या त्याची स्वारी रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर पुस्तक घेऊन बसलेली असते.